गिअरबॉक्स उघडण्याआधी

इंजिन बदललेली गाडी गॅरेजमधून बाहेर पडते, दोन-चार किलोमीटर नीट चालते आणि मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहते, नाहीतर गिअर बदलताना झटका देते, किंवा चौकात थांबली की पुन्हा गिअर घेतच नाही. स्कॅनर लावला की पी-०७०० हा कोड दिसतो आणि निदान तिथल्या तिथे होतं : गिअरबॉक्स गेला. गाडी पुन्हा जॅकवर चढते, गिअरबॉक्स खाली येतो, किट मागवली जाते. इंजिनासाठी कर्ज काढलेल्या माणसाला दुसरं कर्ज शोधावं लागतं. इंजिन बदलल्यानंतर लगेच केलेलं हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं, असं माझं ठाम मत आहे. ते मत का बनलं आणि त्याऐवजी काय करावं, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

साधा विचार करून पाहा. इंजिन खराब झालं तेव्हा गिअरबॉक्स ठीक चालत होता. मालकाची तक्रार धुराची होती, ऑइल खाण्याची होती, गरम होण्याची होती, गिअरची नव्हती. मधल्या काळात गिअरबॉक्सच्या आतल्या एकाही भागाला कुणी पाना लावलेला नाही. मग बिघाड आत कसा शिरला? आत शिरण्याचे एक-दोन मार्ग आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहेच. पण इंजिन उतरवताना आणि बसवताना ज्या गोष्टी हाताळल्या जातात त्यांची यादी केली, तर तिच्यात अर्थिंगची पट्टी येते, बॅटरीच्या केबल येतात, वायरिंगचे दहा-पंधरा कपलर, क्रँक सेन्सर, फ्लायव्हील, क्लच, ऑइल कूलरचे पाइप आणि कित्येकदा इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएमसुद्धा येतो. शोध या यादीपासून सुरू झाला पाहिजे. या सगळ्या गोष्टी गिअरबॉक्सच्या बाहेर आहेत आणि मल्टिमीटर व थोडा वेळ एवढ्या भांडवलावर तपासता येतात.

हे वाशिम जिल्ह्यातून लिहिण्याला कारण आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा सोयाबीन आणि तुरीवर जगतो. एमएच-३७ पाटीच्या नव्या गाड्या रस्त्यावर आहेत, पण आमच्या गॅरेजांत येणाऱ्या कितीतरी गाड्या पुण्या-मुंबईत सात-आठ वर्षं वापरून झालेल्या असतात. त्यांत आता क्लचचं पायडल नसलेल्या गाड्या वाढल्या आहेत, कारण शहरात त्या लोकप्रिय झाल्या आणि शहराने वापरलेली गाडी शेवटी तालुक्याच्या गावी येते. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव इथून गाडी महामार्गावर चढली की ताशी १२० किलोमीटरची मर्यादा समोर दिसते. (हे मालेगाव आमचं, नाशिकचं नव्हे; सुटे भाग मागवताना पत्त्यावर जिल्हा ठळक लिहावा लागतो.) गावात चाळीसच्या वेगाने चालणारं, पाणी थोडं कमी असलेलं जुनं इंजिन मे महिन्याच्या दुपारी या रस्त्यावर तासभर पळवलं तर हेड गॅस्केट जाते, पिस्टन धरतो. नवं इंजिन परवडत नाही. मग मुंबईच्या कुर्ल्यातून किंवा ओळखीच्या व्यापाऱ्याकडून वापरलेलं इंजिन येतं.

ते इंजिन कुठल्या गाडीतून निघालं, ती गाडी मॅन्युअल होती की ऑटोमॅटिक, कोणत्या सालची होती, हे बिलावर लिहिलेलं नसतं. आमच्याकडचा मिस्त्री इंजिन उत्तम बसवतो. फाउंडेशन, बेल हाउसिंग, टायमिंग यांत त्याचा हात कुणी धरणार नाही. अडचण त्यानंतर येते, कारण कोडबद्दलची माहिती इंग्रजी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आहे आणि अधिकृत वर्कशॉप गाठायचं तर बहुतेकदा अकोल्याला किंवा नांदेडला जावं लागतं. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी तिथवर टो करून नेणं हाच एक वेगळा खर्च आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. गिअरबॉक्सचं काम लाखाच्या घरात गेलं, तर हमीभाव पुरता मिळाला तरी ते वीस क्विंटलहून जास्त सोयाबीन झालं. एवढा माल एका चुकीच्या निदानावर जाऊ नये.

गिअरबॉक्स आणि इंजिन एकमेकांशी बोलायला लागले तो इतिहास फार जुना नाही. १९३९ साली जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिलसाठी हायड्रामॅटिक आणला, तेव्हा गिअर कधी बदलायचा हे ऑइलचा दाब आणि स्प्रिंगच ठरवत असत. नंतरची अनेक दशकं तसंच चाललं. अशा गिअरबॉक्सपुढे दुसरं इंजिन बसवलं, तर बोल्ट जुळले आणि थ्रॉटलची केबल नीट ताणली की काम संपायचं. १९८९ मध्ये क्रायस्लरने ए-६०४ हा गिअरबॉक्स बाजारात आणला. त्याचं सगळं नियंत्रण इलेक्ट्रॉनिक होतं, तो गाडीच्या चालण्यावरून स्वतःच्या सवयी बदलत असे, आणि काही खटकलं की एकाच गिअरमध्ये जाऊन थांबत असे. सुरुवातीच्या वर्षांत तो बदनाम झाला. चुकीचं ऑइल भरल्यानेही त्याच्या तक्रारी वाढल्या होत्या. आजच्या सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांचं वागणं मात्र त्याच वळणाचं आहे. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर म्हणजे टीसीएम. इंजिन किती जोर लावतंय, थ्रॉटल किती उघडं आहे, इंजिन किती तापलंय, हे तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीएमला, सतत विचारत असतो. त्या उत्तरांवरून तो ऑइलचा दाब आणि गिअर बदलण्याची वेळ ठरवतो. उत्तर आलं नाही किंवा अविश्वसनीय आलं, की तो सोलेनॉइडांचा करंट तोडतो आणि गाडी ठरलेल्या एका गिअरमध्ये, पुष्कळदा तिसऱ्यात, घरी पोहोचण्यापुरती चालू ठेवतो. याला लिंप मोड म्हणतात. गिअरबॉक्स वाचावा म्हणूनच ही सोय केलेली आहे, आणि आपण तिलाच बिघाडाचा पुरावा मानून गिअरबॉक्स उघडतो.

कोडची भाषा सगळ्यांसाठी एक झाली ती अमेरिकेत १९९६ पासून, ओबीडी-टू सक्तीची झाल्यावर. भारतात चारचाकी गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा लागू झाला आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ आलं आणि नियम आणखी कडक झाले. स्टिअरिंगखालचं १६ पिनांचं सॉकेट हे त्या नियमांचं डोळ्यांना दिसणारं रूप. कोडचं पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन किंवा गिअरबॉक्स, सी असेल तर ब्रेक-सस्पेन्शनसारखा चासीचा भाग, बी असेल तर बॉडी आणि यू असेल तर कॉम्प्युटरांमधलं नेटवर्क. पुढचा आकडा शून्य असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागी ७, ८ किंवा ९ दिसला की विषय गिअरबॉक्सचा.

पी-०७०० बद्दल इथेच स्पष्ट लिहितो, कारण सगळा गोंधळ त्याच्यापासून सुरू होतो. हा कोड निव्वळ निरोप्या आहे. टीसीएमने ईसीएमला सांगितलेलं असतं की माझ्याकडे एक दोष नोंदवला गेला आहे, दिवा लाव. कोणता दोष, हे टीसीएमच्या आत लिहिलेलं असतं. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचे स्वस्त अडॅप्टर बहुतेक वेळा फक्त ईसीएमशी बोलतात. त्यामुळे त्यांना निरोप्या दिसतो, निरोप दिसत नाही. ज्या स्कॅनरला टीसीएममध्ये शिरता येत नाही, त्याच्या भरवशावर गिअरबॉक्सबद्दल एक शब्दही बोलू नये. तालुक्याच्या गावातल्या चार गॅरेजांनी मिळून एक चांगला स्कॅनर घेतला तरी चालेल, पण तो हवा.

टीसीएममध्ये शिरल्यावर अनेकदा एकदम सात-आठ कोड दिसतात आणि माणूस घाबरतो. त्यांना एक क्रम असतो. आधी व्होल्टेजचे कोड पाहावेत, जसा पी-०५६२, म्हणजे सिस्टिमचं व्होल्टेज कमी. मग यू-ने सुरू होणारे : यू-०१०० म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटला, यू-०१०१ म्हणजे टीसीएमशी संपर्क तुटला, यू-००७३ म्हणजे संपर्काची लाइनच बंद पडली. मग सेन्सरचे : पी-०७०५ गिअर लिव्हरच्या स्थितीचा, पी-०७१५ आत येणाऱ्या शाफ्टच्या वेगाचा, पी-०७२० बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या वेगाचा, पी-०७२५ इंजिनाच्या आरपीएमचा. आणि सगळ्यात शेवटी पी-०७३० ते पी-०७३५, म्हणजे गिअरचं गुणोत्तर चुकलं, आणि पी-०७४१, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच घसरतोय. व्होल्टेज पडलं की त्यामागून सेन्सर चुकतात, सेन्सर चुकले की गुणोत्तर चुकल्यासारखं दिसतं. मिस्त्री मात्र शेवटच्या कोडपासून सुरुवात करतो, कारण त्याच्या नावात गिअर हा शब्द असतो.

कोड पुसण्याची घाई हा आमच्याकडचा मोठा दोष आहे. पुसण्याआधी सगळे कोड वहीत उतरवावेत आणि फ्रीझ फ्रेम पाहावी. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती होता, गाडीचा वेग किती, बॅटरी व्होल्टेज किती, इंजिनाचं तापमान किती, हे कॉम्प्युटरने जपून ठेवलेलं असतं. पुसलं की तो पुरावा गेला. फ्रीझ फ्रेममध्ये व्होल्टेज १०.४ दिसत असेल आणि कोड गिअरच्या सोलेनॉइडचा असेल, तर सोलेनॉइड मागवण्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटर बघायला हवेत, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आता अर्थिंगकडे वळतो, कारण इंजिन बदलल्यानंतरच्या गिअर-कोडांत सगळ्यात जास्त वेळा मला तीच सापडली आहे. इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये रबरी फाउंडेशन असतं, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिनापासून चासीपर्यंत एक जाड विणलेली पट्टी किंवा केबल असते. इंजिन उतरवताना ती सोडली जाते, बसवताना कुठेतरी लोंबत राहते, किंवा रंगावर, गंजावर, ग्रीसवर बोल्ट आवळला जातो. गाडी तरीही स्टार्ट होते, कारण स्टार्टरचा करंट दुसरी वाट शोधतो : सेन्सरच्या बारीक अर्थ-वायरींमधून, केबलींच्या आवरणातून. आणि मग टीसीएमला मिळणारी सगळी मोजमापं हलायला लागतात. तपासणी अगदी सोपी आहे. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवावी आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगावं. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब समजावं. चांगल्या गाडीत तो ०.२ च्या आसपास राहतो. टीसीएमच्या आणि गिअरबॉक्सच्या अर्थसाठीही हीच परीक्षा, फक्त इंजिन चालू ठेवून, हेडलाइट, पंखा, एसी सगळं लावून. रिसोड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या गाडीचा गिअरबॉक्स बदलायचा असं एका गॅरेजने ठरवून टाकलं होतं. तिची अर्थ-पट्टी एअर फिल्टरच्या डब्याखाली सुटलेली सापडली. ती साफ करून बसवल्यावर कोड परत आले नाहीत.

दुसरी मोठी जागा म्हणजे कॅन. गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ते दोन वायरींच्या या जोडीवरून. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे मांडली. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरी काढून, सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये ओहम मोजले तर दोन्ही मिळून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलेलं आहे, किंवा ज्याच्यात रेझिस्टर आहे तो कॉम्प्युटर जोडलेलाच नाही. शून्याच्या जवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत, आणि त्या बहुधा बेल हाउसिंग आणि इंजिन यांच्यामध्ये चेंगरलेल्या सापडतात. काही नव्या गाड्यांत सॉकेट आणि आतलं नेटवर्क यांच्यामध्ये गेटवे असतो. तिथे सॉकेटवरचा आकडा आतलं खरं सांगत नाही, टीसीएमच्या कपलरवरच मोजावं लागतं. आमच्या भागात यात उंदरांची भर पडते. इंजिन येईपर्यंत गाडी महिनाभर गोडाऊनशेजारी उभी राहते, बाजूला सोयाबीनची पोती असतात, आणि वायरिंगचं आवरण कुरतडलं जातं. इंजिन बसवण्याआधी सगळा हार्नेस हाताने चाचपून पाहावा. बसवल्यानंतर निम्मा हार्नेस हाताला लागत नाही.

तिसरी गोष्ट तारा-कपलरांच्या पलीकडची आहे आणि सगळ्यात जास्त दगा देणारी आहे. इंजिनासोबत त्याचा ईसीएमही येतो, आणि तो मॅन्युअल गाडीचा असतो. इंजिन सुंदर चालतं. वायरिंग एकूण एक बरोबर असतं, ६० ओहम मिळतात, अर्थिंग स्वच्छ असते, तरीही यू-०१०० येतो. कारण टीसीएमला जे संदेश हवेत, इंजिनाचा टॉर्क किती, गिअर बदलताना टॉर्क क्षणभर कमी करतोस का, ते पाठवायला मॅन्युअल गाडीच्या ईसीएमला शिकवलेलंच नसतं. त्याच्या दृष्टीने गाडीत टीसीएम नावाचं काही नाही. इथे कितीही कपलर साफ केले तरी उपयोग होत नाही. जुन्या गाडीचाच ईसीएम नव्या इंजिनावर वापरावा, किंवा योग्य स्कॅनरने व्हेरिएंट कोडिंग करून घ्यावं. म्हणून वापरलेलं इंजिन घेताना ईसीएमवरचा पार्ट नंबर आपल्या ईसीएमशी ताडून पाहावा. आणि जुना ईसीएम भंगारात देऊ नये, हे मी प्रत्येक गाडीमालकाला हात जोडून सांगतो.

जुन्या, हौसेने बदललेल्या गाड्यांत याचा आणखी एक प्रकार दिसतो. ज्या गाड्यांत टीसीएमला आरपीएम वायरीवरून पल्सच्या रूपात मिळतो, तिथे चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्याला दोन पल्स देतं आणि सहा सिलिंडरचं तीन. चारच्या जागी सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि ते २००० आरपीएमवर फिरत असलं, तर टीसीएमला ३००० दिसतात. गिअरबॉक्सच्या आतला शाफ्ट खरोखर २००० वर फिरतोय. मधल्या हजाराच्या फरकाला टीसीएम घसरण समजतो आणि कन्व्हर्टर खराब असल्याचा पी-०७४१ टाकतो. कन्व्हर्टर बिचारा निर्दोष असतो. गुणोत्तराच्या कोडांनाही असाच हिशेब लावावा. सगळ्या गिअरांत चूक सारख्याच प्रमाणात येत असेल तर मोजणाऱ्यावर संशय घ्यावा : सेन्सर, त्याच्या चकतीचे दात, कॉम्प्युटरमधलं सेटिंग. एकाच गिअरमध्ये येत असेल तर त्या गिअरचा क्लच किंवा सोलेनॉइड खरोखर तपासण्यासारखा आहे.

ऑटो गिअर शिफ्ट, म्हणजे एएमटी गाड्यांवर या पुस्तिकेत सगळ्यात मोठं प्रकरण आहे, कारण आमच्या रस्त्यांवरच्या बहुसंख्य 'ऑटोमॅटिक' त्याच आहेत. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ आणली, मॅग्नेटी मरेल्लीच्या यंत्रणेसह. त्याच वर्षी टाटांची झेस्ट डिझेल एएमटीमध्ये आली, पुढच्या वर्षी महिंद्राची टीयूव्ही ३००. या गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर नाही. गिअरबॉक्स आपल्या ओळखीचा, मॅन्युअलच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाच्या हातापायांऐवजी एक यंत्रणा आहे. मरेल्लीच्या रचनेत विजेवरचा पंप ऑइलचा दाब तयार करतो, तो दाब एका गोळ्यात साठवला जातो, आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह तो क्लचकडे किंवा गिअरच्या दांड्याकडे सोडतात. क्लच नेमका कुठे पकडतो ती जागा टीसीएमने शिकून लक्षात ठेवलेली असते.

इंजिन बदललं की फ्लायव्हील बदलतं, नाहीतर क्लच प्लेट-प्रेशर प्लेट बदलते, निदान दोन्ही सुटून पुन्हा बसतात. पकडण्याची जागा एक-दोन मिलिमीटर सरकते. टीसीएम जुन्या आठवणीवर क्लच सोडतो, गाडी झटका देते किंवा बंद पडते, आणि पी-०८१०, म्हणजे क्लचची स्थिती जुळत नाही, पी-०८११, म्हणजे क्लच जास्त घसरतोय, किंवा पी-०८०ए, म्हणजे क्लचची जागा शिकवलेली नाही, असे कोड पडतात. कंपनीचे स्वतःचे कोडही येतात. यावर नवी क्लच प्लेट टाकणं हा उपाय नव्हे. स्कॅनरमधून क्लच आणि गिअर यांचं लर्निंग करून घ्यावं. पाइप सुटला असेल तर आधी हवा काढावी, टाकीतलं ऑइल कंपनीने सांगितलेलंच भरावं, बॅटरी पूर्ण चार्ज असावी. पंप करंट पुष्कळ खातो, आणि लर्निंगच्या मध्येच व्होल्टेज पडलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. ही पाऊण तासाची कृती माहीत नसल्यामुळे चांगली ॲक्च्युएटर युनिट फेकून दिलेली मी पाहिली आहेत. मला त्याचं फार वाईट वाटतं.

गिअरबॉक्सला खरी इजा होण्याचे मार्गही आहेत आणि ते लपवून चालणार नाही. टॉर्क कन्व्हर्टर पंपाच्या खाचांमध्ये पूर्ण आत बसला नसताना बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून इंजिन आणि गिअरबॉक्स ओढून घेतले, तर पंप पहिल्याच दिवशी तुटतो. फटीतून दिसणारी जागा बोल्टने भरून काढायची नसते. दोन्ही बाजू हाताच्या जोराने टेकल्या पाहिजेत, आणि टेकल्यानंतरही कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे. डोवेल पिना हरवल्या तर मध्यरेषा सरकते, सील गळतं, आवाज येतो. जुनं इंजिन तापून गेलेलं असेल तर रेडिएटरच्या आतला ऑइल कूलर फुटलेला असू शकतो. मग पाणी गिअरच्या ऑइलमध्ये जातं आणि ते दुधाळ गुलाबी दिसतं. असं ऑइल दिसलं तर गाडी एक मीटरही चालवू नये. कूलरचे पाइप सुटले की ऑइल सांडतं, म्हणून पातळी पुन्हा मोजावी, कंपनीने सांगितलेल्या तापमानाला. हे सगळं बाहेरून कळतं. त्यानंतरही ऑइल जळकं येत असेल, त्यात धातूचा चुरा असेल, प्रेशर गेजवर दाब मिळत नसेल, तर गिअरबॉक्स जरूर उघडावा. तेव्हा त्या निर्णयाला आधार असतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्याची माहिती चौदा दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला द्यावी लागते आणि नोंदणी पुस्तकात नवा इंजिन क्रमांक चढवावा लागतो. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. म्हणून त्याच बनावटीचं, त्याच जातीचं इंजिन, पक्क्या बिलासह घ्यावं. कायद्याचा हा नियम आणि कोडचं शास्त्र इथे एकच गोष्ट सांगतात : इंजिन जितकं मूळच्या जवळ, तितकी टीसीएमची तक्रार कमी. चोरीचं इंजिन गळ्यात पडण्याचा धोकाही त्यामुळे टळतो.

ही पुस्तिका वाचायला इंग्रजी यावं लागत नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटार व्हेईकल किंवा मेकॅनिक डिझेल शिकणाऱ्या मुलांना ती झेपेल, आणि कधीही शाळेत न गेलेल्या पण वीस वर्षं पाना चालवलेल्या मिस्त्रीला त्यांच्यापेक्षा जास्त झेपेल, कारण झटका कुठला आणि आवाज कुठला हे त्याच्या हाताला आधीच माहीत आहे. ट्रक, ट्रॅक्टर आणि हायब्रिड गाड्या मी यात घेतलेल्या नाहीत. सीव्हीटी आणि दोन क्लचांच्या गिअरबॉक्सवर प्रत्येकी एक लहान प्रकरण आहे. ते सुरुवातीपुरतं समजावं.

गाडीमालकांनाही एक विनंती आहे. इंजिन उतरवण्याआधी गाडी स्वतः चालवून दाखवा, शक्य असेल तर तेव्हाच गिअरबॉक्सचे कोड काढून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. नंतर वाद झाला तर तोच कागद तुमच्या आणि मिस्त्रीच्याही बाजूने बोलेल.

आणि मिस्त्री बांधवांनो, गॅरेजमध्ये एक वही ठेवा. प्रत्येक इंजिन बदलाच्या वेळी जुना आणि नवा इंजिन क्रमांक, दोन्ही ईसीएमचे पार्ट नंबर, आधीचे कोड, नंतरचे कोड, स्टार्टर मारतानाचं अर्थिंगचं व्होल्टेज आणि कॅनचे ओहम, एवढं तिच्यात लिहा. दोष शेवटी कुठे सापडला तेही लिहा, आणि ती वही शेजारच्या गॅरेजवाल्याला वाचायला द्या.